दहा लिटरची बाटली आणि एक पावती

प्रति,
औद्योगिक गॅस कंपन्यांचे विक्रीप्रमुख आणि त्यांचे वितरक,
मुख्य विस्फोटक नियंत्रक, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो), नागपूर,
नियंत्रक, वैध मापन शास्त्र, महाराष्ट्र राज्य



मी कोल्हापुरात राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करते. त्यावर माझं पोट नाही. भावाच्या शेतासाठी सायकल कोळपं, शाळेच्या प्रयोगशाळेतले स्टँड, आईच्या तुळशीभोवतीची जाळी, मोडलेल्या सायकलींच्या चौकटी अशी कामं मी करते आणि ती मला मनापासून आवडतात. त्यासाठी मला शिल्डिंग गॅसची एक बाटली लागते. ती रीतसर मिळावी, तिचे पैसे कशाकशाचे हे आधी कळावं आणि ती घरी कशी सांभाळायची हे कुणीतरी मराठीत सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. हे काम तुमच्यापैकी कुणा एकाचं नाही आणि म्हणूनच ते कुणीच करत नाही. त्यामुळे तिघांना एकत्र लिहिते.

माझ्यासारखे लोक आता जागोजागी आहेत. एका हाताने उचलता येणारी वेल्डिंगची इन्व्हर्टर मशीन घरच्या सिंगल फेजवर चालतात, ऑनलाइन मिळतात, हप्त्यावरही मिळतात. जुन्या मोटारसायकली नव्याने उभ्या करणारी मुलं, शिल्पकलेचे विद्यार्थी, आपली अवजारं आपणच सांधणारे शेतकरी, निवृत्तीनंतर पुन्हा हत्यारं हातात घेतलेले फिटर, सगळे ती घेतात. मशीन दारात येतं. टॉर्च येतो, वायर येते, काच आपोआप काळी होणारं हेल्मेट येतं. गॅस मात्र येत नाही.

गॅसवाचून चालत नाही का, असं काउंटरवर मला विचारलं गेलं आहे, म्हणून ते आधी सांगते. जाड पट्टी असेल तर साध्या रॉडने काम होतं. रॉडवरचा लेप जळून स्वतःचा वायू तयार करतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. पण कोळप्याचा पाइप दीड मिलिमीटर जाडीचा असतो, सायकलचा त्याहून पातळ. रॉड लावला की भोक पडतं. तिथे बारीक वायरीचं मिग किंवा टंगस्टनचं टिग लागतं आणि या दोन्हींत आर्कभोवती बाहेरून वायूचं पांघरूण द्यावं लागतं. ते नसेल तर वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतो, झाळ भोकाभोकांची होते आणि पहिल्याच झटक्याला तुटते. शेतात चालणाऱ्या अवजाराची झाळ तुटली तर माणसाच्या पायाला लागतं.

आता गॅसची निवड. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात मिगला ‘सीओटू’ आणि टिगला ‘आर्गॉन’ म्हणतात. तिथल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. नवख्या माणसाला मात्र या नावांमुळे वाटतं की मशीन ठरलं म्हणजे गॅसही ठरला. तसं नसतं. साध्या लोखंडाच्या मिगला निव्वळ कार्बन डायऑक्साइड चालतो. झाळ खोल जाते, खर्च कमी येतो, पण ठिणग्यांचे कण फार उडतात आणि ग्राइंडर जास्त चालवावा लागतो. आर्गॉनमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मिसळलेला मिक्स गॅस घेतला तर आर्क शांत राहते आणि पातळ पत्र्यावर हात बसतो. स्टेनलेस स्टीलच्या मिगला आर्गॉनबरोबर दोन टक्के कार्बन डायऑक्साइड पुरतो. जास्त झाला तर स्टीलचा गंजरोधक गुण कमी होतो. ॲल्युमिनियमला आणि टिगला शुद्ध आर्गॉनच लागतो. टिगवर कार्बन डायऑक्साइड लावला तर टंगस्टनचं टोक जळून जातं. उलट, साध्या लोखंडाच्या मिगला निव्वळ आर्गॉन दिला तर आर्क डळमळते आणि झाळ वर उंच, कडेला खचलेली अशी बसते.

हे सगळं काउंटरवर एका मिनिटात सांगता येतं. ‘कुठला गॅस पाहिजे?’ याऐवजी ‘काय जोडायचंय?’ एवढं विचारलं तरी पुरे. औषधाच्या दुकानात आपण दुखणं सांगतो तेव्हा दुकानदार निदान दोन प्रश्न विचारतो. तुमच्या काउंटरवर मला गॅसबद्दल कधीच काही विचारलं गेलं नाही. एकच प्रश्न येतो: ‘मॅडम, जीएसटी नंबर?’

त्या प्रश्नाकडे येते. त्याआधी बाटलीच्या आकाराचा हिशेब मांडते, कारण पैशांचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

बाजारात सर्रास फिरणारी मोठी बाटली पाण्याच्या मापाने सत्तेचाळीस लिटरच्या आसपास असते. १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला आर्गॉन भरला की तीत सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू मावतो. दहा लिटरच्या छोट्या बाटलीत दीड घनमीटर. टिगला मी मिनिटाला ८ लिटर वायू सोडते. म्हणजे मोठी बाटली साडेचौदा तास आणि छोटी तीन तास पुरते. हे तास आर्क पेटलेली असण्याचे आहेत. हौशी माणसाचा दिवस कापण्यात, घासण्यात, काटकोनात बसवण्यात जातो. दिवसभर शेडमध्ये राबलं तरी आर्क अर्धा तास पेटली तर खूप झालं. त्या हिशेबाने छोटी बाटली सहा रविवार जाते आणि मोठी जवळजवळ तीस. मिगला १२ लिटर धरले तर छोटी दोन तासांत संपते.

मोठी बाटली भरलेली असताना साठ किलोच्या आसपास जाते. ती मला एकटीला हलवता येत नाही, रिक्षात मावत नाही आणि शेडमध्ये साखळीने बांधायला भक्कम भिंत लागते. छोटी बाटली मी उचलून गाडीच्या डिकीत पट्ट्याने बांधू शकते. म्हणून आम्हाला छोटी हवी असते. ती भरायला मजूर, झडप, तपासणी यांचा खर्च मोठीइतकाच येतो आणि त्यामुळे लिटरमागे ती महाग पडणार, हे मला मान्य आहे. तो जादा दर मी आनंदाने देईन. तक्रार दराची नाही, भाड्याची आहे.

भाड्याचं गणित कारखान्यासाठी बांधलेलं आहे. समजण्यापुरते आकडे धरू: बाटलीचं भाडं महिन्याला १५० रुपये आणि आतल्या गॅसची किंमत १,२०० रुपये. फॅब्रिकेशनवाला आठवड्याला एक बाटली रिकामी करतो. त्याला १,२०० रुपयांच्या गॅसमागे पस्तीसेक रुपये भाडं पडतं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. तीच बाटली मला वर्षभर पुरली तर १,२०० च्या गॅसमागे १,८०० रुपये भाडं. वर दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. कारखानदाराला तो कर पुढे वळता करता येतो, मला येत नाही. परीक्षांच्या दिवसांत मी दोन महिने शेडचं दार उघडत नाही. भाडं तेव्हाही चालू असतं. मी कमी वापरते म्हणून जास्त भरते. कुणी मुद्दाम लुबाडावं म्हणून हा नियम केलेला नाही, हे मला कळतं. बाटल्या अडकून पडल्या की भरणी केंद्राचं चाक थांबतं, म्हणून भाडं आलं. पण त्या बाटलीची पूर्ण किंमत जर मी डिपॉझिट म्हणून भरून ठेवली असेल, तर तुमचं भांडवल अडकलेलं नाही, माझं अडकलेलं आहे. मग भाडं कशाचं?

आणि डिपॉझिटची पावती? माझ्या ओळखीच्या एका तरुणाने बाटली घेताना रोख डिपॉझिट भरलं. पावती म्हणून कच्च्या कागदावर रक्कम आणि सही मिळाली. पुढे दुकान दुसऱ्याकडे गेलं. नव्या मालकाने तो कागद ओळखला नाही आणि बाटलीही आपलीच म्हणून परत मागितली. त्या तरुणाने बाटली दिली, कारण तिच्या खांद्यावर नाव कंपनीचं होतं आणि त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं. घरगुती गॅसच्या जोडणीला छापील कागद मिळतो, त्यावर रक्कम असते, तो जपून ठेवला तर पिढी बदलली तरी पैसे परत मिळतात. ही पद्धत आपल्या घराघरांत रुळली आहे. औद्योगिक बाटलीला ती लावायला नवा कायदा लागत नाही, पावतीपुस्तक लागतं.

आता जीएसटी नंबर. अनेक ठिकाणी तो नसेल तर बाटलीच मिळत नाही. काही ठिकाणी उद्योग परवाना मागतात, काही ठिकाणी ‘घरी ठेवायला परवानगी नाही’ म्हणून सांगतात. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे मी शब्दन्‌शब्द वाचले आहेत. गॅस भरायला परवाना लागतो, ठरावीक मर्यादेपलीकडे साठवायलाही लागतो. पण न पेटणाऱ्या आणि बिनविषारी वायूच्या २०० पर्यंत बाटल्या बाळगायला त्या नियमांखाली परवाना लागत नाही. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड याच वर्गात येतात. मला एक हवी आहे. जीएसटीची नोंदणी ही विकणाऱ्याची गरज आहे. घेणारा साधा ग्राहक असेल तर बिल त्याच्या नावावर निघतं, जसं पंख्याचं आणि फ्रिजचं निघतं. नियमात नसलेली अट काउंटरवर तयार होते आणि तिला सरकारचं नाव दिलं जातं. मुख्य नियंत्रक महोदय, तुमच्या कार्यालयाने एका पानाचं स्पष्टीकरण काढलं तर हा प्रश्न राज्यातल्या प्रत्येक काउंटरवर संपेल.

इथे माझ्या मागणीचा गाभा आहे. पाच किलोचा स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर २०१३ पासून पेट्रोल पंपांवर मिळू लागला. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला ‘छोटू’ हे नाव दिलं. तो किराणा दुकानातही मिळतो. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, नको झाला तर परत करायची सोय आहे. त्यात भरलेला वायू पेटतो. गळला तर खोलीचा स्फोट होऊ शकतो. आणि आपल्या देशाने विचारपूर्वक ठरवलं की गावाहून शहरात आलेल्या मजुराला, खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो सहज मिळायला हवा. अडवून ठेवला तर तो काळ्या बाजारात बेकायदा भरून घेईल. निर्णय योग्य होता. आर्गॉन तर पेटतच नाही. आपल्या श्वासातल्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो. हवा थंड करत करत द्रवरूप करायची आणि उणे १८६ अंशांच्या आसपास तो वेगळा काढायचा, म्हणून तो महाग. कार्बन डायऑक्साइड खतकारखान्यांतून जोडउत्पादन म्हणून निघतो, आसवन्यांत मळी आंबवताना निघतो, म्हणून स्वस्त. जो विचार पेटणाऱ्या गॅससाठी झाला तो न पेटणाऱ्यासाठी व्हायला काय हरकत आहे?

बाहेर हे झालंही आहे. ऑस्ट्रेलियात बनिंग्ज या हार्डवेअर दुकानांच्या साखळीत परत मिळणारं डिपॉझिट भरून वेल्डिंग गॅसची बाटली घेता येते, रिकामी देऊन भरलेली उचलता येते, भाडं नाही. ब्रिटनमध्ये हॉबीवेल्ड या नावाने खास हौशी लोकांसाठी बिनभाड्याच्या बाटल्या विकल्या जातात. तिथल्या गॅस कंपन्या तोट्यात जाण्यासाठी हा धंदा करत नाहीत.

आपल्याकडे सरळ दार बंद असल्यामुळे माणसं कुठून आत शिरतात, ते बघा. कुणी भंगारातून आगविझवणीची जुनी बाटली आणून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतो आणि पुढे ती ‘ओळखीच्या’कडून भरून आणतो. कुणी मोठ्या बाटलीतून छोट्यात नळी लावून गॅस उतरवून देतो. कायद्याने परवान्याशिवाय कुणालाही हे करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुणी भरलेली बाटली स्कूटरच्या पायाशी उभी करून घेऊन जातो. भरलेली बाटली सायकलवरून किंवा दुचाकीवरून नेऊ नये असं नियम स्पष्ट सांगतात. पण त्याला ते कुणी सांगितलं? त्याला पावती दिली नाही, झडपेवरची टोपी दिली नाही, नियम तरी कोण सांगणार? १५० किलो दाबाची झडप रस्त्यावर आपटून तुटली तर बाटली कुठल्या दिशेला सुटेल, हे कुणाच्या हातात राहत नाही.

जुन्या बाटल्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये माणसं श्वासासाठी तडफडत होती, तेव्हा कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला गेला आणि आर्गॉन, नायट्रोजनच्या बाटल्या ऑक्सिजनसाठी बदलून घ्यायला पेसोने परवानगी देऊन त्याची पद्धत आखून दिली. त्या निर्णयाने जीव वाचले. त्याबद्दल मी तुमच्या कार्यालयाची मनापासून ऋणी आहे. त्याच काळात लोकांनी मिळेल तिथून, मिळेल त्या किमतीला बाटल्या घेतल्या. आज अशा बाटल्या जुन्या बाजारात उभ्या असतात. आर्गॉनला निळा रंग, ऑक्सिजनला काळं अंग आणि पांढरा खांदा, ॲसिटिलीनला मरून, हे भारतीय मानकात ठरलेलं आहे. पण रंगाचा डबा कुठेही मिळतो. खांद्यावर कोरलेले आकडे तेवढे खरं बोलतात: बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, रिकामं वजन, पाण्याचं माप, १५० चा भरणीचा दाब, २५० चा चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख. ते वाचायला शिकवणारं मराठी पान मला कुठल्याही दुकानात टांगलेलं दिसलेलं नाही.

स्वतःची बाटली विकत घ्या, मग भाडं नाही, असा सल्ला वितरक देतात. सल्ला वाईट नाही. फक्त पुढचं सांगत नाहीत. अशा बाटलीची पाण्याच्या दाबाखालची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि मुदत उलटली की ती भरता येत नाही. मी नवी कोरी बाटली बदलीला दिली आणि बदल्यात मुदत संपत आलेली मिळाली, तर चाचणीचा खर्च कुणाचा? मीच घेतलेली बाटली भरून परत हवी म्हटलं तर ‘लॉट जाईल तेव्हा जाईल’ म्हणून पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागतं. काही ठिकाणी बाहेरून घेतलेली बाटली भरूनच देत नाहीत. मालकीची बाटली आणि फिरती बाटली यांतला फरक, प्रत्येकीच्या चाचणीची जबाबदारी आणि बदलून देताना निदान किती मुदत शिल्लक हवी, हे कंपन्यांनी छापून दुकानात लावायला हवं. निदान दोन वर्षं शिल्लक असावी असं मला वाटतं. तुम्ही वेगळा आकडा ठरवा, पण ठरवा.

वैध मापन शास्त्राच्या नियंत्रक महोदयांना मापाबद्दल लिहायचं आहे. विज्ञान शिकवत असल्यामुळे हा भाग माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे.

आर्गॉन बाटलीत वायुरूपच राहतो. त्यामुळे दाब पाहून आत किती आहे ते कळतं. पण भरणीचा दाब १५ अंश तापमानाला धरून सांगितलेला असतो. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात उभ्या असलेल्या बाटलीचा काटा १५० दाखवत असेल, तर १५ अंशांना तो १३८ च्या आसपास येतो. म्हणजे आठ टक्के गॅस कमी. त्या उन्हात पूर्ण भरलेल्या बाटलीचा काटा १६० च्या पुढे दिसायला हवा. हे माझ्या नववीच्या मुलांना समजतं, मग काउंटरवर एक छापील कोष्टक लावून ग्राहकालाही समजावता येईल.

कार्बन डायऑक्साइडचं याच्या उलट आहे. तो बाटलीत द्रवरूप असतो. वर जमलेल्या वायूचा दाब खोलीच्या तापमानाला साठच्या आसपास राहतो, मग आत तीस किलो द्रव असो की तीन. शेवटचा थेंब उडून गेला की मग काटा झपाट्याने पडतो. म्हणून काटा पाहून ही बाटली भरलेली आहे की अर्धी, ते कुणालाच सांगता येत नाही. त्याला एकच उपाय, वजनकाटा. मोठ्या बाटलीत ३० किलो भरतात. त्याचा वायू सोळा घनमीटरच्या पुढे जातो, म्हणजे आर्गॉनच्या मोठ्या बाटलीच्या दुपटीहून जास्त. लोखंडाचं मिग करणाऱ्या हौशी माणसाला म्हणूनच ती परवडते. रिकामं वजन खांद्यावर कोरलेलं असतं. बाटली काट्यावर ठेवायची आणि वजाबाकी करायची. घरगुती सिलिंडर दारात वजन करून मागायचा हक्क आपण बायकांनी वापरून वापरून रुजवला. गॅसच्या दुकानात काटा असतो, पण तो ग्राहकाकडे तोंड करून नसतो. तो ग्राहकासमोर हवा, आणि बिलावर ‘एक नग’ न लिहिता किलो किंवा घनमीटर लिहिले जावेत. भरणी, भाडं, वाहतूक, चाचणी आणि कर या रकमा वेगवेगळ्या छापल्या तर दोन दुकानांची तुलना करता येईल. आज फोनवर दर विचारला तर ‘या, बघू’ एवढंच उत्तर येतं.

परत करताना बाटलीत जो गॅस उरतो त्याचाही विचार व्हावा. बाटली पूर्ण रिकामी करू नये, थोडा दाब ठेवावा, म्हणजे हवा आणि ओल आत शिरत नाही, हे आम्ही पाळतो. पण कधी कधी पाव बाटली गॅस शिल्लक असतानाच, चाचणीची मुदत संपल्यामुळे किंवा गाव सोडल्यामुळे ती परत करावी लागते. त्याचा परतावा मिळावा असा माझा हट्ट नाही. मोजून नोंद तरी व्हावी.

पुन्हा पेसोकडे वळते, कारण जिवाचा प्रश्न तुमच्या अखत्यारीत आहे. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड असतात. झडप किंवा नळी गळत राहिली तर ते जमिनीलगत, तळघरात, पिटात साठतात आणि ऑक्सिजनची जागा घेतात. आर्गॉनला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण ती जाणीव मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. माणूस सरळ बेशुद्ध पडतो. पुण्या-मुंबईत लोक सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, बंद गच्चीच्या खोलीत वेल्डिंग करतात. त्यांना भीती वाटते ती ठिणगीची, आणि ती वाटायलाच हवी. या दुसऱ्या धोक्याचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं. बाटली उभी, साखळीने बांधलेली, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. काम संपलं की झडप बाटलीपाशी बंद. रेग्युलेटरच्या जोडणीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. झडपेला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. एवढं मराठीत, ठळक अक्षरांत, चित्रांसह एका पानावर छापा आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात अडकवा. घरगुती गॅसच्या सुरक्षेची चित्रं पाहून माझी आई रेग्युलेटर बंद करायला शिकली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे.

गॅस नको म्हणून बिनगॅसची वायर वापरा, असंही मला सुचवलं जातं. मी ती वापरते. शेतात, वाऱ्यात तिच्याइतकं सोयीचं काही नाही, कारण वाऱ्याने गॅसचं पांघरूण उडून जातं आणि तिचं उडत नाही. पण ती महाग पडते, धूर फार करते आणि पातळ नळीवर मला हवी तशी झाळ देत नाही. ॲल्युमिनियमला तर तिचा उपयोगच नाही. पर्याय म्हणून ती चांगली आहे, अडवणुकीवरचा उतारा म्हणून नाही.

कंपन्यांच्या विक्रीप्रमुखांना शेवटी एक ठोस प्रस्ताव देते. कोल्हापूर, पुणे, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर या चार शहरांत प्रत्येकी एका काउंटरवर दहा लिटरच्या बाटल्या ठेवा: शुद्ध आर्गॉन, मिक्स गॅस आणि याच आकाराच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड. ओळखपत्रावर द्या. परत मिळणारं डिपॉझिट घ्या, हवं तर बाटलीच्या पूर्ण किमतीइतकं घ्या, पण छापील पावतीवर. भाडं लावू नका. भरणीचा दर कारखान्यापेक्षा जास्त ठेवा आणि तो फळ्यावर लिहा. चारपैकी कुठेही रिकामी देऊन भरलेली घेता यावी. हे सहा महिने चालवून पाहा. गिऱ्हाईक येत नाही असं दिसलं तर बंद करा. तसा निर्णय आकडे पाहून झाला तर माझी तक्रार राहणार नाही. आमच्यासारख्या लोकांचा एक गट आमच्या शहरात आहे. सगळे पहिल्या दिवशी डिपॉझिट भरायला तयार आहेत आणि बाटली घेताना सुरक्षेचं एक तासाचं प्रात्यक्षिक सक्तीचं केलंत तर त्याला बसायलाही. त्या प्रात्यक्षिकासाठी जागा लागली तर आमच्या शाळेची प्रयोगशाळा रविवारी मिळवून द्यायचा प्रयत्न मी करेन. मुख्याध्यापकांशी तसं बोलले आहे.

या पत्राची प्रत तिन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पेसोकडून मला दोन गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे: घरगुती वापरासाठी एक बाटली आर्गॉन घेणाऱ्याकडून वितरकाने जीएसटी नंबर किंवा उद्योग परवाना मागावा असा कुठला नियम आहे का, आणि सुरक्षेचं मराठी पान कधी निघेल. वैध मापन शास्त्र विभागाकडून एक: ग्राहकासमोर वजन करून कार्बन डायऑक्साइड देण्याची सक्ती करता येईल का, आणि येत नसेल तर अडचण कोणती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक हौशी वेल्डर, कोल्हापूर